नाशिकचा जेकब आणि स्वयंपाकीण हलीमा



मागच्या महिन्यात आमच्या गटाची जुनी नोंदवही भरली आणि नवी सुरू केली. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं लिहायची, एवढंच काम होतं. दहा जणींची नावं लिहायला अख्खी दुपार गेली. एकीच्या आधार कार्डावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच. दुसरीचं नाव लग्नात बदललं, पण शाळेच्या दाखल्यावर जुनं तसंच राहिलं. आमच्यातल्या एकीचं कर्ज याच भानगडीत चार महिने अडकून पडलं होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "या दोन बाया वेगळ्या आहेत." ती एकटी तिथं उभी, आणि कागदावर मात्र दोन झालेली.

आपल्या बपेऱ्याला हा त्रास जरा जास्तच, कारण आपलं गाव राज्याच्या काठावर. पूल ओलांडला की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा. आपल्या कितीतरी सुना तिकडून येतात, आपल्या लेकी तिकडे जातात. पोवारी नदीच्या दोन्ही अंगाला बोलतात, धानाची रोवणी दोन्हीकडे सारखीच. पण जातीचा दाखला काढायचा तर बापाचे कागद लागतात, आणि बापाचे कागद पुलापलीकडे. ज्या घरी आमची बैठक बसते तिथल्या आजी ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मी लगन होऊन आलो तवा कोठची सीमा जी? एकच राज्य होतं." आजींचं खरं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. आजी जागच्या हलल्या नाहीत, सीमाच त्यांच्या माहेरच्या वाटेवर येऊन बसली.

तुझं गाव कोणतं, तुझं खरं नाव काय, तू आमची की त्यांची, हे प्रश्न घेऊन ज्यांनी खूप लिहिलं आहे, ते लोक म्हणजे आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांचे वंशज. अमेरिकेतल्या ॲलेक्स हेली यांचं 'रूट्स' हे पुस्तक १९७६ साली आलं. त्यातल्या कुंटा किंटे नावाच्या तरुण मुलाला आफ्रिकेतून पकडून जहाजात कोंबून अमेरिकेत नेतात आणि विकतात. मालक त्याचं नाव टोबी ठेवतो. तो मनातल्या मनात स्वतःला कुंटाच म्हणत राहतो आणि आपल्या मुलीला आपल्या भाषेतले चार शब्द शिकवून ठेवतो. ते शब्द तिच्या मुलाकडे, त्याच्या मुलांकडे असे पिढ्यान्‌पिढ्या जातात. १९८२ साली ॲलिस वॉकर या बाईंची 'द कलर पर्पल' ही कादंबरी आली. त्यातली सेली नवऱ्याचा मार खाते. तिची बहीण आफ्रिकेला गेली आहे आणि तिची पत्रं नवरा वर्षानुवर्षं लपवून ठेवतो. शेवटी सेली पँटी शिवायचा धंदा सुरू करते आणि आपल्या पायावर उभी राहते. आमच्या शिवणवाल्या बायांना ही सेली ऐकूनच फार आवडली.

पण ही अमेरिकेची गोष्ट झाली. आपल्याला वाटतं, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. आफ्रिकेतून माणसं भरून निघालेली जहाजं सगळी अमेरिकेकडेच गेली नाहीत. काही आपल्याकडेही आली. त्यातला एक रस्ता आपल्या नाशिकवरून जातो, आणि आज आम्हाला तोच सांगायचा आहे.

मलिक अंबरचं नाव शाळेत सगळ्यांनी वाचलं असेल. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्यानं मुघलांना जेरीस आणणारा. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, येमेन, बगदाद अशा बाजारांतून हातोहात फिरला. एका मालकानं त्याचं नाव अंबर ठेवलं. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या पेशव्यानं त्याला विकत घेतलं. हा पेशवा चंगीझखान स्वतःही हबशी होता, कधीकाळी गुलामच. पेशवा वारला तेव्हा त्याच्या विधवा बायकोनं अंबरला मोकळं केलं. शाळेच्या धड्यात लढाया होत्या, ही बाई नव्हती. तिनं मोकळं केलं नसतं तर पुढचा मलिक अंबर झाला असता का, हा विचार आमच्या मनात येतो. त्याच अंबरनं १६१० साली खडकी हे शहर वसवलं, तिथं नहर खोदून पाणी आणलं, जमिनीची मोजणी करून सारा बसवला. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे आणि जवळच त्याची बायको बीबी करीमा हिचीही. त्यानं वसवलेल्या खडकीचं नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. माणसांचीच नाही, गावांचीही नावं बदलतात.

मुरुड जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत राज्य करत होते. तरीही आपल्याकडे 'हबशी' हा शब्द कुणाला हिणवायचं असलं की तोंडात येतो. हबश म्हणजे इथिओपिया, तिथला तो हबशी, एवढाच त्याचा अर्थ. आम्हीही लहानपणी हा शब्द शिवी म्हणून वापरला आहे, हे कबूल करतो.

आता नाशिकची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे माणसं भरून जहाजं जातच होती. इंग्रजांचं आरमार ही जहाजं समुद्रात अडवायचं. आत माणसं असायची, त्यात लहान मुलं खूप. त्यांना सोडवलं खरं, पण ठेवायचं कुठं? कुणाचं गाव शेकडो मैल आत, वाट कुणालाच माहीत नाही, परत सोडलं तर पुन्हा पकडले जाणार. म्हणून त्यातल्या बऱ्याच मुलांना मुंबईला आणलं आणि काहींना नाशिकला. नाशिकजवळ मिशनऱ्यांनी शरणपूर नावाची वस्ती वसवली होती. १८६० च्या आसपास तिथं या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालू झाला. मुलं सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकली, लिहायला वाचायला शिकली. मुलीही होत्या. नाशिकला शरणपूर रस्ता आजही आहे. त्यावरून जाणाऱ्यांनी हे नाव का पडलं ते एकदा मनात आणावं.

तिथं या मुलांना नवी नावं मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, अशी इंग्रजी नावं. मॅथ्यूचं जन्माचं नाव चेंग्विंबे होतं. तो पुढे मोंबासाला राहिला आणि १९३५ साली वारला. म्हणजे आपल्या ओसरीवरच्या आजी जन्मल्या त्या सुमारापर्यंत हा माणूस जिवंत होता. इतकी जवळची गोष्ट आहे ही.

इथं आमच्या बैठकीत एक वाद झाला, तोही सांगतो. एक जण म्हणाली, "आपलंही असंच आहे. घर बदललं, नाव बदललं, कोणी विचारलं का आपल्याले?" काही जणींना ते पटलं. आम्हाला पूर्ण पटलं नाही. लग्नाच्या दिवशी आपली आई रडली, बाप रडला, पण ते तिथं होते. राखीला भाऊ येतो. चेंग्विंबेला न्यायला कोणी आलं नाही. आईबाप जिवंत आहेत का, हेही त्याला कळायला वाट नव्हती. सासरी छळ होत असेल तर तो छळच आणि त्याविरुद्ध उभं राहायचं, पण गुलामांचा बाजार ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एका तराजूत घातलं तर त्यांचं दुःखही हलकं होतं आणि आपलंही नीट कळत नाही. ती बाई मात्र शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. तिलाही तिचा अनुभव आहे.

पुढची गोष्ट प्रवासाची. लिव्हिंग्स्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर आणि मिशनरी आफ्रिकेत नद्यांचे उगम शोधत फिरत होता. १८६६ साली तो शेवटच्या मोठ्या प्रवासाला निघाला तेव्हा नाशिकच्या आश्रमातली नऊ मुलं त्याच्यासोबत गेली. १८७२ साली आणखी काही जण जाऊन मिळाले, त्यात जेकब वेनराइट होता. म्हणजे बघा, आफ्रिकेतून पकडलेली मुलं महाराष्ट्रात वाढली आणि गोऱ्या साहेबाला वाट दाखवायला पुन्हा आफ्रिकेत गेली. पुस्तकांत मात्र लिहितात की आफ्रिका लिव्हिंग्स्टननं शोधली.

१ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला, आजच्या झांबिया देशातल्या एका खेड्यात. सोबतच्या माणसांनी त्याला तिथंच पुरून आपापल्या वाटेनं जायचं, असं केलं नाही. त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली. नाशिकला शिकलेली अक्षरं. मग देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन ते साठ-सत्तर जण समुद्राकडे निघाले. हजार मैलांहून जास्त वाट, जवळजवळ नऊ महिने. वाटेत ताप, भूक, भांडणं, मृत्यू. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला पोचले. १८ एप्रिलला लंडनमध्ये लिव्हिंग्स्टनला मानानं पुरलं. शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत गोऱ्या साहेबांबरोबर एक आफ्रिकी तरुण होता, जेकब वेनराइट.

त्या साठ-सत्तर जणांत बायाही होत्या. त्यातली एक हलीमा, लिव्हिंग्स्टनची स्वयंपाकीण. सगळी माणसं चालून चालून थकली की बसतात, स्वयंपाकीण मात्र तेव्हाच कामाला लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ती चार ओळींत येते. एकदा दुसऱ्या बाईशी भांडण झालं आणि हलीमा रुसून निघून गेली. मग आपणच परत आली, पण आत येईना. साहेबानं बाहेर येऊन "आत ये" म्हणावं, एवढीच तिची अट. त्यानं तसं केलं, थंडीसाठी एक गरम कापडही दिलं. वहीत त्यानं तिची तारीफ केली आहे की हुशार आहे, कामाला तत्पर आहे, चोरी करत नाही आणि नवऱ्यालाही करू देत नाही. आणि पुढे लिहिलं आहे की झांझिबारला पोचलो की हिला मोकळी करीन आणि घर व बाग विकत घेऊन देईन.

मोकळी करीन, म्हणजे अजून ती मोकळी नव्हती. गुलामगिरीच्या विरुद्ध जन्मभर बोललेल्या माणसाची पोळी एक विकलेली बाई भाजत होती. आम्ही हे वाचून बराच वेळ गप्प बसलो.

ही हलीमा चार ओळींतच राहिली असती. पण झिंबाब्वेच्या पेटिना गप्पा नावाच्या लेखिकेनं तिला उचललं. त्या शिक्षणानं वकील आहेत. २०१९ साली त्यांची कादंबरी आली, तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ साधारण 'अंधारातून, लखलखता उजेड' असा होतो. ही सगळी वाट, देह खांद्यावर घेऊन चाललेली माणसं, यांची ती गोष्ट आहे. ती सांगतं कोण? आधी हलीमा. तिखट जिभेची, सगळ्यांच्या भानगडी माहीत असलेली, कोण कुणावर डूख धरून आहे ते पातेल्याजवळ बसून ओळखणारी. आणि तिच्यानंतर नाशिकचा जेकब, देवाधर्माचा पक्का, जरा गर्विष्ठ, आपण पाद्री होणार या स्वप्नात. एकाच वाटेवर चालणारी ही दोघं, पण दोघांना वाट वेगळी दिसते. जेकबला लिहिता येतं म्हणून त्याचं म्हणणं कागदावर राहतं. हलीमाला लिहिता येत नाही, तिचं म्हणणं तिच्या तोंडात राहतं. ते कागदावर यायला दीडशे वर्षांनी दुसरी बाई यावी लागली.

अर्थात ही कादंबरी आहे. हलीमा खरी, प्रवास खरा, पण तिच्या तोंडचे शब्द लेखिकेचे. इतिहास आणि कादंबरी यात गल्लत करू नये असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं आणि ते बरोबर आहे. पण वहीत ज्याचं नावच नीट लिहिलं नाही त्याचा इतिहास कुठून आणायचा, हे त्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं.

१८७३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक निघालं आणि त्यांनी ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांच्याकडून शिकावं, ही जोतीरावांची इच्छा. आणि त्याच वेळी पुण्याहून फार लांब नसलेल्या नाशिकला, गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुलं सुतारकाम शिकत होती. अमेरिकेची गोष्ट पुस्तकातून आली होती, ही मुलं तर जवळ होती.

मग ती कुठं गेली? लिव्हिंग्स्टनच्या मरणानंतर मिशननं ठरवलं की या लोकांना पूर्व आफ्रिकेतच न्यावं. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रीअरटाउन नावाची वस्ती उभी राहिली. मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं ते नाव. शरणपूरचे आणि मुंबईचे शंभराहून जास्त आफ्रिकी स्त्री-पुरुष तिकडे गेले. आता तरी आपल्या माणसांत आले असं वाटेल. पण तिथल्या लोकांनी त्यांना काय म्हणावं? 'मुंबईचे आफ्रिकी'. त्यांचं बोलणं वेगळं, कपडे वेगळे, चालीरीती वेगळ्या. तिथल्या गोऱ्या मिशनऱ्यांशीही पगारावरून, मानावरून खटके उडाले, कारण ही माणसं शिकलेली होती आणि ऐकून घेणारी नव्हती. नाशिकला ते आफ्रिकी होते आणि आफ्रिकेत मुंबईवाले झाले. त्या वस्तीतली मोठी घंटा अजून मोंबासाला आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची. तो भाग आजही त्या घंटेच्या नावानंच ओळखला जातो.

पुलापलीकडून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीला हे फार लागलं. ती म्हणाली, "इथं मले बालाघाटवाली म्हणतात, अना तिकडं गेलो त महाराष्ट्रवाली आली म्हणतात." सगळ्या हसल्या, तीही हसली. मग आम्ही नव्या वहीत एक ओळ वाढवली. प्रत्येकीच्या नावासमोर कागदावरचं नाव, माहेरचं नाव आणि जन्मगाव, तिन्ही लिहायचं. बँकेला त्याचा उपयोग नाही. नावबदलासाठी राजपत्रात जाहिरात, शपथपत्र जे काय लागतं ते वेगळं करावंच लागणार, त्याची माहिती पुढच्या भागात सांगू. पण आमच्या वहीत तरी बाई एकच राहील.

आजींचं नाव गटात नाही, तरी त्यांचंही लिहून घेतलं. माहेरचं नाव विचारल्यावर त्या जरा वेळ आठवत बसल्या. मग त्यांनीच उलट विचारलं, "मंग त्या हलीमेले घर भेटलं का नाई?"

आम्ही सांगितलं, आजी, वचन देणारा साहेब झांझिबारला पोचलाच नाही, वाटेतच मेला.

"पण वहीत लिवलं होतं ना?" आजी म्हणाल्या. "सही होती का? साक्षीदार कोण होता?"